बेडकांची गुराखीण

वाळवंटातल्या ला तेसोता या वाडीत एक नियम आहे. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पाळतात सगळे. उन्हाळ्यातला मोठा पाऊस पडून गेला आणि ओढ्याकडून करडांचं बें बें ऐकू आलं, तर जागचं उठायचं नाही. कॉफी पीत असाल तर कॉफी प्यायची, तव्यावर तोर्तियाच्या पोळ्या भाजत असाल तर पोळ्या भाजायच्या. करडं आपापल्या गोठ्यात असतात. ओरडतात ते बेडूक.

ओदिलियाला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती समुद्रकाठची, कोळ्याची मुलगी. लग्न होऊन ला तेसोतात आली ती मे महिन्यात, जेव्हा इथल्या जमिनीवर दुपारी मुंगीसुद्धा पाय ठेवत नाही. जुलैत पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर ती अंगणात वाळत घातलेलं उचलायला गेली, तर ओढ्यापलीकडून आवाज यायला लागला. एकदोन नाही, वीस-पंचवीस करडं गळा काढून ओरडत होती, बुडत असल्यासारखी. सासरा सिरिलो दारात खुर्ची टाकून बसला होता.

"आपा, करडं!"

सिरिलोने तिच्याकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "मग बघतेस काय? पळ!"

ती पळाली. वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्याचे दोन फाटे होतात आणि खाली जाऊन पुन्हा एक होतात. मधे लांबट पट्टा राहतो आणि त्या पट्ट्यात एक खळगा आहे. ओढ्याला तेव्हा घोटाभर पाणी होतं. ती पार करून गेली, खळग्यात उतरली, कमरेपर्यंत चिखलात गेली आणि मग तिला दिसलं की तिथे एकही करडू नाही. हिरवट-पिवळे, मूठभर आकाराचे बेडूक गळ्याचे फुगे करून पाण्यावर तरंगत होते आणि बें बें करत होते. तिने एक उचलून पाहिला, त्याच हाताने डोळे पुसले, आणि या बेडकाच्या अंगावरचा चीक लागला की काय होतं तेही तिला त्याच दिवशी कळलं. परत येईपर्यंत ती शिंकत होती. तोवर सिरिलोने सगळी वाडी अंगणात गोळा केली होती.

"किती सापडली गं?" शेजारच्या लिब्रादोने विचारलं.

"दूध देतात का?" दुसऱ्या कुणी विचारलं.

सिरिलो गंभीर चेहऱ्याने उठला आणि म्हणाला, "मंडळी, माझ्या शेळ्यांना गुराखी होताच. आता बेडकांनाही गुराखीण मिळाली."

ते नाव चिकटलं. रस्त्यात, विहिरीवर, चर्चच्या दारात, 'काय गुराखीण, कळप कसाय?' हे ठरलेलं. सहा वर्षं झाली तरी लोकांचं त्यावर हसणं संपत नव्हतं. वाळवंटात करमणूक कमी, त्यामुळे एकदा हाती लागलेली थट्टा लोक लोणच्यासारखी मुरवून खातात.

दुसरी एखादी असती तर उशीत तोंड खुपसून रडली असती. ओदिलियाने डोक्यात राख घालून घेतली नाही. तिने ठरवलं की ज्या प्राण्याने आपल्याला असं फसवलं, त्याची पार कुंडली काढायची. कोळ्याच्या घरात माशाला नुसतं पकडत नाहीत. तो कधी येतो, कशाला येतो, कुठे अंडी घालतो, हे माहीत नसेल तर जाळं कितीही चांगलं असून उपयोग नाही, असं तिचा बाप म्हणायचा. बेडूक काय माशापेक्षा शहाणा आहे थोडाच?

दरवर्षी पावसानंतर ती शिवणाचं काम घेऊन खळग्याच्या काठी जाऊन बसायला लागली. तिला कळलं की बेडकांच्या मागच्या पायाला खुरप्यासारखं काळं, टणक नख असतं. पाणी आटायला लागलं की बेडूक त्या खुरप्याने माती उकरतो आणि बूड हलवत हलवत मागे मागे जमिनीत उतरतो. पाहणाऱ्याला वाटतं, मातीनेच त्याला गिळलं. मग दहा महिने बाहेर येत नाही. पाऊस चुकला तर पुढचं वर्षही आत. पावसाचे टपोरे थेंब जमिनीवर आपटायला लागले की वर येतो, आणि त्या एका संध्याकाळी सगळं उरकतो: वाळवीचे पंखवाले किडे पोट फुटेस्तोवर खायचे, ओरडून बायको बोलवायची, गवताच्या काडीला अंडी चिकटवायची. दुसऱ्या दिवशी अंडी फुटतात. पाचव्या दिवशी पिलांना मागचे पाय येतात, आठव्या दिवशी पुढचे. नवव्या दिवशी ती पाण्याबाहेर चालत येतात, शेपटीसकट, कारण शेपटी गळायची वाट बघायला त्यांना सवड नसते. खळग्यात पाणी नऊ दिवस टिकलं तर जगली, आठ दिवस टिकलं तर सगळी मेली. ओदिलियाला हा प्राणी आवडायला लागला. रडत नाही, कुढत नाही, मिळालेल्या नऊ दिवसांत संसार करून मोकळा होतो.

सिरिलोला यातलं काही पटायचं नाही. त्याचं ठाम मत होतं की बेडूक चिखलातून तयार होतात आणि चिखल वाळला की पुन्हा चिखल होतात. त्याच्या बापाचं हेच मत होतं, आणि बापाच्या बापाचंही.

एका फेब्रुवारीत ओदिलियाने फावडं घेतलं, सासऱ्याला हाताला धरून खळग्यात नेलं आणि हातभर खोल खणून एक बेडूक बाहेर काढला. अंगाभोवती वाळलेल्या कातडीचा पापुद्रा, डोळे मिटलेले, हातपाय पोटाशी.

"मेलाय," सिरिलो म्हणाला.

तिने ओल्या फडक्यावर त्याला ठेवलं आणि दोघं सावलीत बसून राहिली. बऱ्याच वेळाने बेडकाने एक डोळा उघडला. मांजरासारखी उभी बाहुली. त्या एका डोळ्याने त्याने सिरिलोकडे बघितलं.

"असेल एखादा," सिरिलो म्हणाला आणि उठून घरी निघाला. पडलो तरी नाक वर, ही त्याची जुनी खोड. ओदिलियाने बेडूक पुन्हा खड्ड्यात ठेवून वर माती लोटली.

तर अशी सहा वर्षं गेली. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात दणकून पाऊस झाला, खळगा भरला, बेडूक ओरडले, नियमाप्रमाणे कुणीही जागचं उठलं नाही. ओदिलियाचा नवरा एफ्रेन द्राक्षाच्या तोडणीला गेला होता. घरात ती, सिरिलो आणि सासू तोमासा. आठव्या दिवशी सकाळी ओदिलिया खळग्यावरून आली आणि तोर्तिया थापायला बसत म्हणाली, "उद्या चालणार."

"कोण?" तोमासाने विचारलं.

"पिलं. पाणी अंगणाएवढंच राहिलंय, पण उद्यापर्यंत पुरेल. उद्या दुपारच्या आत सगळी बाहेर."

"शेपटीवाले मासे चालणार," सिरिलो बारीक तिखट मिरची बोटांनी चुरडून बीन्सवर टाकत म्हणाला. "ऐकलंस का गं? उद्या कोंबडा कॉफी उकळणार."

"पैज लावता?"

"लावतो."

"चालली, तर सगळ्या वाडीसमोर म्हणायचं: ओदिलियाला कळतं, मला कळत नाही."

सिरिलोचा घास थांबला. "आणि नाही चालली तर?"

"तर मला ओदिलिया म्हणूच नका. गुराखीण म्हणा, मी ओ देईन. मरेपर्यंत."

"ठरलं. पण मी काही बघायला येणार नाही. मला कामं आहेत. तुला बेडूक आहेत, मला शेळ्या आहेत."

"येऊ नका. मी बघून सांगते."

"तू सांगणार आणि मी ऐकणार? वा रे पैज!"

"मग या."

"नाही येणार."

तोमासाने कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं ती या माणसाबरोबर राहत होती आणि आता तसाच हट्टी दुसरा माणूस सून म्हणून घरात आला होता.

नवव्या दिवशी सकाळी सिरिलो अठ्ठावीस शेळ्या घेऊन निघाला. "उत्तरेच्या पठारावर नेतो," तो गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला. पुढे घंटा बांधलेली म्हातारी शेळी, जिला सगळे कर्नलीण म्हणायचे, मागे बाकीच्या. ओदिलियाला त्या दिवशी खळग्यावर जायला जमलं नाही. तोमासाचा गुडघा सुजला होता, चीज गाळायचं होतं, आणि दूध काही बेडकांसाठी थांबत नाही. संध्याकाळी जाऊ, ओली मातीच सांगेल कोण चालत गेलं ते, असं तिने ठरवलं.

दुपारी तीनच्या सुमाराला डोंगराकडे आभाळ काळं झालं. वाडीवर मात्र ऊन होतं, चार थेंबही पडले नाहीत. तिकडे लांबवर गडगडत होतं. तासाभराने जमिनीतून घरघर यायला लागली आणि कुणीतरी ओरडलं, "ओढ्याला लोंढा आला!"

ओढ्याला लोंढा आला की वाडीतलं प्रत्येक माणूस बघायला जातं. कोरड्या वाळूवरून आधी फेसाळ, तपकिरी पाण्याची जीभ आली, काटक्या ढकलत, आणि मागोमाग अख्खा ओढा आला. ओंडके, मेलेले निवडुंग, कुणाचं तरी फाटक. लिब्रादो आपलं खेचर बांधून काठावर उभा होता. तोमासा काठी टेकत आली होती. ओदिलिया चीजचे हात पुसत आली.

तेवढ्यात पलीकडून, पाण्याच्या आवाजातून, बें बें ऐकू आलं.

"झाले सुरू," लिब्रादो हसला. "जा गुराखीण, कळप हाक मारतोय."

लोक हसले. ओदिलिया हसली नाही. ती मान जराशी कलती करून ऐकत होती.

"हे बेडूक नाहीत," ती म्हणाली.

आता तर हशा पिकला. सहा वर्षांनी तीच गंमत पुन्हा, तीही फुकट! लिब्रादोने गुडघ्यावर थाप मारली. "अगं बाई, एकदा फसलीस ते कळतं, नवी होतीस. त्याच दगडाला दुसऱ्यांदा ठेच?"

"लिब्रादो, पाऊस कुठे पडला?"

"डोंगरात."

"इथे पडला?"

"गडगडलं की. गडगडाट ऐकून येतात ते वर."

"एवढ्या लांबच्या गडगडाटाने माझी चीजची बरणी हलली नाही, बेडूक काय हलणार? त्याला डोक्यावर थेंब आपटायला लागतात." तिने पायाने जमीन ठोकली. धूळ उडाली. "ही बघ. कोरडी ठणठणीत. आणि दुसरं. बेडूक अंधार पडता पडता सुरू होतात. अजून ऊन आहे. तिसरं, काठाकाठाने नुसतं चालत गेलं तरी ते गप्प होतात. आत्ता त्यांच्या उशाशी ओंडके आपटतायत आणि ते गप्प होत नाहीत? उलट आवाज वाढतोय. ऐक ना जरा. थट्टा करायला नंतर वर्ष पडलंय."

लिब्रादोने ऐकलं. पण सवय मोठी वाईट. "बेडूकच," तो म्हणाला. "शेळ्या कुठनं येतील तिकडे? सिरिलोकाका पठारावर आहेत. सकाळी स्वतः सांगून गेले."

"हो की," तोमासा म्हणाली. "तो पठारावर आहे. तिथे पाणी येत नाही."

ओदिलियाने सासूकडे पाहिलं. सकाळचं ते गरजेपेक्षा मोठ्याने बोलणं तिला आठवलं. हा माणूस रोज शेळ्या घेऊन जातो, कधी सांगून जात नाही. आज कशाला सांगितलं?

"आमा," तिने विचारलं, "आपांचा चष्मा कुठाय?"

"खिळ्याला. तिथेच असतो की. तो कधी..." तोमासा थांबली. सिरिलोचा चष्मा वर्षातून दोनदा खिळ्यावरून उतरायचा, सरकारी कागदावर सही करायला. "सकाळी मी झाडू मारत होते. खिळा रिकामा होता. मला वाटलं, पडला असेल."

"शेळ्या मोजायला चष्मा लागत नाही, आमा. बेडकाचे पाय मोजायला लागतो."

कुणी हसलं नाही. तोमासा काठी टेकत पाण्याच्या अगदी कडेला गेली. पैज लावून 'येणार नाही' म्हटलेला माणूस चोरून बघायला गेला होता, आणि आता तो त्या पट्ट्यावर होता, दोन्ही फाट्यांच्या मधे, आणि दोन्ही फाटे भरून वाहत होते. पट्टा काही उंच नव्हता. मोठा ओढा आला की तोही पाण्याखाली जातो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

लिब्रादोचा चेहरा पडला. तो खेचराकडे धावला आणि खोगिराचा दोर घेऊन आला, पण काठावर येऊन उभाच राहिला. ला तेसोतात घोड्यावर बसता येतं सगळ्यांना, फास टाकता येतो, दिवसभर पाण्याशिवाय राहता येतं. पोहता येत नाही कुणाला. शिकणार कशात?

"दे इकडे," ओदिलिया म्हणाली.

तिने दोर कमरेला बांधला, दुसरं टोक लिब्रादोला खेचराच्या खोगिराला बांधायला लावलं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला चालायला लागली.

"इकडे कुठे? ते तर समोर आहेत!" लिब्रादो ओरडला.

"समोर पोचायचं असेल तर वरून शिरायचं. पाणी आपल्याला खाली नेणारच, मग त्याला नेऊ द्यायचं. दोर सैल सोड आणि खेचराला माझ्याबरोबर चालव. मी हात वर केला की मगच ओढ."

"ओदिलिया," तोमासा म्हणाली.

"येते आमा. चीजवर झाकण ठेवायचं राहिलंय, तेवढं बघा."

तिला भीती वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. समुद्र निदान स्वच्छ असतो, लाट येताना दिसते. इथे पाणी कमी आणि माती जास्त, त्यात काटेरी फांद्या. पण पाणी ते पाणी. तिने एक मोठा ओंडका जाऊ दिला आणि त्याच्या मागोमाग अंग टाकलं. प्रवाहाने तिला धरलं. ती त्याच्याशी भांडली नाही, नुसती तिरकी सरकत राहिली. एका फांदीने दंड फाडला. तोंडात वाळू गेली. मग गुडघा तळाला लागला, हाताला गवत लागलं आणि ती पट्ट्यावर होती.

खळगा राहिलाच नव्हता, तिथे सगळा ओढा झाला होता. त्याच्या वरच्या बाजूला जी थोडी उंच जागा होती, जिथे तेसोताचं, वाडीला ज्याचं नाव पडलं ते जुनं काटेरी झाड होतं, तिथे चार खाटा मावतील एवढी जमीन उरली होती. तिच्यावर शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. मधे झाडाला टेकून सिरिलो बसला होता. नाकावर चष्मा, एक बूट काढलेला, घोटा वांग्याएवढा सुजलेला.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला. आवाज बसला होता, जेमतेम ऐकू येत होता.

"आपा, पाय मोडलाय का?"

"मुरगळलाय. पाय मरू दे. चालली."

"कोण?"

"तुझी ती पोरं. चालली गं! शेपट्या होत्या अजून, पण चालली. नखाएवढी एकेक. सगळी वरच्या अंगाला. मला वाटलं, ही जातात तरी कुठे. म्हणून गुडघ्यावर रांगत त्यांच्या मागे मागे इथवर आलो. इथे झाडाच्या मुळाशी भेगा आहेत ना, त्यात शिरत होती. मी मोजत होतो. एकशेचाळीसपर्यंत मोजली, आणि मागे वळून बघतो तर खाली, मी बसलो होतो तिथे, पाणी." तो थांबला. "शेळ्यांना वर घ्यायला पळालो, तेव्हा पाय गेला."

ओदिलिया दोर झाडाला बांधत होती. सिरिलो तिच्याकडे न बघता बोलत राहिला.

"मी हाका मारल्या. आवाज जाईना. मग शेळ्यांना म्हटलं, तुम्ही ओरडा. त्या ओरडल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं."

"काय?"

"की कुणी उठणार नाही. लिब्रादो उठणार नाही, तोमासा उठणार नाही. दरवर्षी तुझी गोष्ट सांगून सांगून मीच त्यांना पक्कं करून ठेवलंय. मी मेलो असतो गं, आणि ते काठावर बसून म्हणाले असते, बेडूक यंदा छान ओरडतायत." त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला, पण शर्ट चिखलाचाच होता. "तू कशी उठलीस?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, मग बघतेस काय, पळ. मी अजून तेच करतेय."

सिरिलो हसायला गेला आणि त्याला रडू आलं. ओदिलियाने त्याला रडू दिलं, कारण गाठ मारायला तेवढा वेळ हवाच होता.

पुढचं सोपं नव्हतं, पण झालं. दोर या झाडापासून त्या खोगिरापर्यंत ताठ झाला. ओदिलियाने कमरेच्या पट्ट्याने सासऱ्याला दोराला अडकवलं आणि स्वतः खालच्या बाजूने त्याला धरून पाण्यात उतरली. तिने हात वर केला, लिब्रादोने खेचर मागे रेटून दोर ताणून धरला आणि ती त्याला दोरावरून सरकवत निघाली. मधोमध सिरिलो दोनदा पाण्याखाली गेला. दोन्ही वेळा वर आल्यावर त्याने आधी चष्मा चाचपला. काठावर चार हातांनी त्याला उचललं आणि तोमासाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला मिठी मारली, मग आणखी एक धपाटा घातला.

ओदिलिया पुन्हा गेली. शेळ्यांसाठी जायचं की नाही असं कुणी विचारलंही नाही. तिने कर्नलिणीला शिंगांना धरून पाण्यात ढकललं. कर्नलीण मान उंच करून, भयंकर रागावून पोहायला लागली, आणि तिच्या घंटेमागे बाकीच्या एकामागून एक पडल्या. पाण्याने त्यांना बरंच खाली नेलं, तिथे लोकांनी शिंगं, कान, मिळेल ते धरून ओढून काढल्या. मोजल्यावर सव्वीस भरल्या. दोन करडं गेली. ती सगळ्यात लहान होती आणि ओदिलियाने त्यांना बाटलीने दूध पाजलेलं होतं. सगळं आटोपल्यावर ती ओल्या वाळूत बसली आणि त्या दोघांसाठी मोकळेपणाने रडली. सूर्य मावळायच्या आत पाणी ओसरायला लागलं. तेसोताचं झाड आणि त्याच्या मुळाशी कोरडी राहिलेली हातभर जमीन तेवढी दिसत होती.

सिरिलोला खेचरावर बसवून घरी नेलं. वाटेत त्याने लिब्रादोला थांबवलं.

"सगळे आहेत ना?" त्याने विचारलं.

"सगळे आहेत, काका."

"मग ऐका. ओदिलियाला कळतं." सत्तर वर्षांत न उच्चारलेले शब्द, घशाला सवय नव्हती. "मला कळत नाही."

कुणी टाळी वाजवली नाही की थट्टा केली नाही. लिब्रादोने टोपी काढून हातात धरली. ओदिलिया म्हणाली, "आपा, चला आता, पायाला शेक द्यायचाय."

तो घोटा पुरता बरा झाला नाही. सिरिलो लंगडत चालायला लागला, शेळ्या ओदिलिया आणि एफ्रेन बघायला लागले.

पुढच्या वर्षी पाऊस जुलैच्या मध्यावर आला, चांगला टपोऱ्या थेंबांचा, वाडीवरच पडला. संध्याकाळी थांबला. सगळे सिरिलोच्या अंगणात कॉफी पीत बसले होते. शेळ्या गोठ्यात होत्या, ओदिलियाने स्वतः मोजून दार लावलं होतं. ओढ्याला घोटाभर पाणी होतं. अंधारून येता येता पलीकडून सुरू झालं: बें, बें, बें.

लिब्रादोने नियमाप्रमाणे कप वर उचलला. सिरिलो मात्र उठला. त्याने काठी घेतली, टोपी घातली आणि खिळ्यावरचा चष्मा खिशात टाकला.

"आपा, बेडूक आहेत," ओदिलिया म्हणाली. "एकूण एक बेडूक."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? बघून येतो."

"मंडळी," लिब्रादो म्हणाला, "बेडकांचा गुराखी निघाला!"

अंगण हसलं. सिरिलोने मागे वळूनही पाहिलं नाही. हसू दे त्यांना, असं त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं. तो लंगडत लंगडत ओढ्यात उतरला आणि पलीकडे अंधारात दिसेनासा झाला. ओदिलियाने त्याचा कप चुलीच्या कडेला सरकवून ठेवला, कॉफी गार होऊ नये म्हणून.

थोड्या वेळाने खळग्यातलं ओरडणं एकदम थांबलं. म्हणजे आपा काठावर पोचले. हसणारेही कान देऊन ऐकत राहिले. मग एक बेडूक ओरडला, मग दुसरा, मग सगळेच पुन्हा सुरू झाले. म्हणजे आपा खाली बसले.